महामारीतील यंत्रे आणि तालुक्याचा दवाखाना

शिरूर अनंतपाळ हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवती निलंगा, देवणी, उदगीर आणि चाकूर. मोठा उपचार हवा असेल तर लातूर गाठावे लागते. त्याहून मोठा हवा असेल तर सोलापूर, हैदराबाद किंवा पुणे. साकोळ, येरोळ, उजेड या गावांतील सोयाबीन आणि तूर ज्या रस्त्याने बाजारात येते, त्याच रस्त्याने तेथील रुग्णही जातो. माल एक दिवस उशिरा पोचला तर भावात फरक पडतो आणि तो फरक पुढच्या हंगामात भरून काढता येतो. धाप लागलेला रुग्ण सहा तास उशिरा पोचला तर पडणारा फरक कोणत्याही हंगामात भरून निघत नाही.

मार्च २०२०मध्ये या अंतरात दुसऱ्या एका अंतराची भर पडली. एरवी डॉक्टर दूर असला तरी रुग्णाने त्याच्यापर्यंत पोचावे, एवढाच प्रश्न असे. महामारीत पोचलेल्या रुग्णाजवळ जाणेही धोक्याचे झाले. रस्त्याचे अंतर कमी करायचे आणि खाटेजवळचे अंतर राखायचे, अशा परस्परविरोधी गरजा एकाच वेळी उभ्या राहिल्या. या पेचातून वाट काढण्यासाठी जगभर यंत्रांकडे पाहिले गेले. रोबोट रुग्णालयांत फिरू लागले, संगणक छातीचे एक्स-रे वाचू लागला, डॉक्टर मोबाइलच्या पडद्यावर आले आणि लस ड्रोनमधून उडाली. त्या काळाला आता काही वर्षे लोटली आहेत. त्या यंत्रांपैकी कोणती कोठे उपयोगी पडली, कोणती पडली नाहीत आणि शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याने त्यातून काय घ्यावे, याचा हिशेब शांतपणे मांडण्याची ही वेळ आहे.

खाटेपर्यंत गेलेली चाके

जानेवारी २०२०मध्ये अमेरिकेत कोरोनाचा पहिला रुग्ण वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट येथील रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या विलगीकरण कक्षात कॅमेरा, पडदा आणि स्टेथोस्कोप जोडलेला एक रोबोट ठेवण्यात आला आणि डॉक्टर बाहेरून त्याच्याशी बोलू लागले. पुढच्याच महिन्यात चीनमधील हांगचौ येथील डॉक्टरांनी सुमारे ७०० किलोमीटर दूर असलेल्या वूहानच्या तात्पुरत्या रुग्णालयातील रुग्णांची सोनोग्राफी यांत्रिक हाताच्या साहाय्याने केली.

भारतातही हे प्रयोग लवकर सुरू झाले. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात मार्च २०२०मध्येच रोबोटकडून औषधे आणि जेवण पोचवण्याची चाचणी झाली. महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील एका तरुण अभियंत्याने ‘कोरो-बॉट’ नावाचा रोबोट तयार केला आणि तो कल्याणच्या होली क्रॉस रुग्णालयात कामाला लागला. परिचारिका दुसऱ्या खोलीत बसून इंटरनेटद्वारे त्याला चालवीत असे. तो पाणी, चहा, औषधे खाटेपर्यंत नेई आणि त्यातील ध्वनिवर्धकातून रुग्णाशी बोलणेही होई. मुंबईत वरळीच्या पोदार रुग्णालयात ‘गोलर’ नावाचा रोबोट आला. पुणे स्थानकावर मध्य रेल्वेच्या सुरक्षा दलाने जून २०२०मध्ये ‘कॅप्टन अर्जुन’ उभा केला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा ताप तपासणे हे त्याचे मुख्य काम होते.

या सर्व यंत्रांनी प्रत्यक्षात केलेले काम पाहिले तर ते वाढप्याचे, निरोप्याचे आणि पहारेकऱ्याचे होते. ते कमी मोलाचे मुळीच नव्हते. कोरोना कक्षात एकदा आत जायचे म्हणजे परिचारिकेला नखशिखांत संरक्षक पोशाख चढवावा लागे. त्या पोशाखात तासन् तास घामाने निथळत, पाण्याचा घोटही न घेता काम करावे लागे. पाण्याची एक बाटली देण्यासाठी होणारी आत-बाहेर फेरी वाचली, तर पोशाखही वाचत होता आणि संसर्गाची एक शक्यताही टळत होती.

मात्र रुग्णाला पालथे झोपवणे, रक्त काढणे, घसरलेला ऑक्सिजनचा मुखवटा नीट बसवणे, अशक्त वृद्धाला शौचास नेणे ही कामे माणसांनीच केली. वूहानच्या सोनोग्राफीसारख्या तपासणीतही रुग्णाला योग्य कुशीवर वळवणारे आणि अंगाला जेल लावणारे कोणी तरी खाटेशेजारी लागते. डिसेंबर २०१८मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून सुमारे ३२ किलोमीटरवरील अहमदाबादच्या रुग्णालयातील रुग्णाच्या हृदयाची रक्तवाहिनी रोबोटच्या साहाय्याने मोकळी केली. जगभर वाखाणल्या गेलेल्या त्या उपचारातही रुग्णाजवळ प्रशिक्षित डॉक्टरांचा चमू उपस्थित होता. दूरवरून चालणारे यंत्र जितके नाजूक काम करते, तितका त्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस अधिक जाणता असावा लागतो.

एक्स-रे वाचणारा संगणक

रोबोटपेक्षा कमी दिसणारे, परंतु तालुक्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेने केले. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे यंत्र असू शकते, ते चालवणारा तंत्रज्ञही असू शकतो. परंतु एक्स-रे पाहून मत देणारा क्षकिरणतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच असतो. मुंबईच्या ‘क्युअर डॉट एआय’ या संस्थेने २०१६पासून या उणिवेवर काम केले होते. क्षयरोगासाठी तयार झालेली तिची एक्स-रे वाचणारी प्रणाली कोरोनाकाळात त्या आजाराच्या खुणा शोधण्यासाठी वापरली गेली. इटलीतील मिलानच्या रुग्णालयापासून मुंबईच्या दाट वस्त्यांपर्यंत ती पोचली.

या प्रणालीची रीत समजण्यास मोंढ्यातील उदाहरण पुरेसे आहे. लातूरच्या मोंढ्यातील जुना आडत्या तुरीची मूठ हातात घेतो, दाणा दाताखाली चावतो आणि ओलावा किती ते सांगतो. ही विद्या त्याला पुस्तकातून मिळालेली नसते. आयुष्यभर हजारो पोत्यांतील माल पाहून, त्याचा पुढे काय भाव आला हे लक्षात ठेवून ती त्याच्या हातात उतरलेली असते. संगणकालाही असेच शिकवले जाते. तज्ज्ञांनी निदान केलेले लक्षावधी जुने एक्स-रे त्याच्यापुढे ठेवले जातात. कोणत्या सावलीला तज्ज्ञांनी काय म्हटले याची तो आपल्यापुरती संगती लावतो आणि नवा एक्स-रे आला की रोगाची शक्यता आकड्यात सांगतो. दहा एक्स-रेंपैकी कोणते दोन डॉक्टरांनी आधी पाहावेत, हे काही क्षणांत कळते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीसाठी अशा प्रणालींच्या वापरास मान्यता दिली. डिसेंबर २०२४मध्ये देशात सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आणि ही प्रणाली अशी जोडी वापरली गेली.

परंतु आडत्याचे उदाहरण येथेच संपत नाही. लातूरच्या तुरीवर तयार झालेला हात ब्रह्मदेशच्या तुरीवर चुकू शकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तसेच झाले. महामारीच्या पहिल्या वर्षात एक्स-रे व सीटी स्कॅनवरून कोरोना ओळखल्याचा दावा करणाऱ्या शोधनिबंधांचा पूर आला. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला त्यांचा आढावा मार्च २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. २,२१२ निबंधांमधून गाळून उरलेल्या ६२ निबंधांचा बारकाईने अभ्यास झाला आणि त्यांतील एकही प्रणाली रुग्णालयात वापरण्याच्या योग्यतेची ठरली नाही. त्यातील एक दोष बोधप्रद आहे. काही संशोधकांनी ‘कोरोना नसलेले’ म्हणून जे एक्स-रे घेतले होते, ते लहान मुलांचे होते. संगणक त्यावरून मूल आणि प्रौढ यांतील फरक शिकला, आणि त्यालाच कोरोनाची ओळख मानले गेले.

अशी चूक घरोघर पोचलेल्या ऑक्सिमीटरमध्येही दिसली. बोटाला चिमट्यासारखे लावायचे हे यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातील ऑक्सिजन मोजते. डिसेंबर २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले, की कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत खालावलेला ऑक्सिजन या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या त्वचेच्या माणसांच्या प्रदेशात ही गोष्ट विसरून चालणार नाही. पडद्यावरचा आकडा बरा दिसत असला, तरी रुग्णाला बोलताना दम लागत असेल तर आकड्यापेक्षा रुग्णाकडे पाहणारा माणूसच उपयोगी पडतो.

पडद्यावरचा डॉक्टर

देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. डॉक्टरने दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे रुग्णाला तपासून औषध लिहून द्यावे की नाही, याविषयीची संदिग्धता त्यामुळे दूर झाली. कोणती औषधे नुसत्या संभाषणावर लिहिता येतील, कोणत्यांसाठी रुग्णाला व्हिडिओवर पाहणे आवश्यक आहे आणि कोणती दुरून मुळीच देता येणार नाहीत, हे त्यात ठरवून दिले आहे. त्यातच एक महत्त्वाची अट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये, औषध लिहू नये. ती डॉक्टरला साहाय्य करू शकते. निर्णय आणि जबाबदारी नोंदणीकृत डॉक्टरचीच राहील.

यानंतर तीनच आठवड्यांत, १३ एप्रिल २०२० रोजी, ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. मोहाली येथील ‘सी-डॅक’ने तयार केलेल्या या सरकारी सेवेची एक शाखा नोव्हेंबर २०१९पासूनच आरोग्यकेंद्रांना डॉक्टरांशी जोडत होती. २०२३च्या प्रारंभी या सेवेतून झालेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. त्याच वर्षापासून रुग्णाच्या लक्षणांवरून संभाव्य निदाने डॉक्टरांपुढे मांडणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सोयही त्यात आली.

गावातील माणसाच्या दृष्टीने या सेवेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. समजा, साकोळच्या परिसरातील एखाद्या मधुमेही आजींना दोन दिवस ताप आहे. त्यांना स्मार्टफोन चालवता येत नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि डॉक्टर पडद्यावर बोलू लागले तर ऐकूही कमी येते. त्या उपकेंद्रात जातात. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्यांचा ताप, रक्तदाब, साखर आणि ऑक्सिजन मोजते, सर्व माहिती भरते आणि मग दूरच्या डॉक्टरला जोडून देते. डॉक्टरचा प्रश्न आजींच्या बोलीत त्यांना समजावते, आजींचे उत्तर डॉक्टरला समजावते आणि औषध कसे घ्यायचे ते दोनदा सांगते. पडद्यावर दिसतात ते डॉक्टर. पण ती भेट घडते या अधिकाऱ्यामुळे. तिची जागा रिक्त असेल, ती रजेवर असेल, वीज गेलेली असेल किंवा इंटरनेट बंद असेल, तर देशातील सर्वांत निष्णात वैद्यही त्या आजींच्या कामाचा नाही.

आकाशातून आलेली लस

डिसेंबर २०२१मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या गावी ड्रोनने लसीच्या ३०० मात्रा नेण्यात आल्या. रस्त्याने सुमारे ४० मिनिटे लागणारा हा प्रवास नऊ मिनिटांच्या आसपास पार पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मणिपुरात विष्णुपूरहून लोकताक सरोवरातील करांग बेटावर लस गेली. सप्टेंबरमध्ये तेलंगणातील विकाराबाद येथे ‘आकाशातून औषध’ या नावाने असाच प्रकल्प सुरू झाला होता.

डोंगर, दऱ्या आणि सरोवरे असलेल्या भागात या साधनाचे मोल स्वयंस्पष्ट आहे. लातूर जिल्ह्याचे पठार बरेचसे सपाट आहे, गावोगाव रस्ते आहेत; तेथे रोजच्या औषधासाठी दुचाकीच स्वस्त आणि खात्रीची. परंतु मांजरा, तेरणा यांना पूर येऊन पूल पाण्याखाली जातात, तेव्हा सर्पदंशावरची लस, रक्ताची पिशवी किंवा तपासणीचा नमुना नेण्यास ड्रोन उपयोगी पडू शकेल. कोणते यंत्र चांगले, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या गावी, कोणत्या अडचणीसाठी, हे त्याला जोडावे लागते. झापला उतरलेल्या लसीच्या बाबतीतही एक गोष्ट तशीच राहिली. ती टोचण्यासाठी परिचारिका गावात होती, म्हणून नऊ मिनिटांना अर्थ आला.

मराठवाड्याने पाहिलेला वाद

यंत्र आले, पण त्यामागची व्यवस्था आली नाही, तर काय होते याचे उदाहरण मराठवाड्यानेच पाहिले आहे. २०२१च्या दुसऱ्या लाटेत तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यांपैकी वापरात आणलेल्या ११३ यंत्रांत दोष आढळल्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला आणि न्यायालयाने त्याची गंभीर दखल घेतली. यंत्रेच सदोष आहेत, असे एका बाजूचे म्हणणे. ती हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नाही, असे दुसऱ्या बाजूचे. न्यायालयापुढे चाललेला हा वाद वाचताना सामान्य माणसाच्या मनात एकच विचार येतो. ज्या दिवसांत एका व्हेंटिलेटरसाठी नातेवाईक गावोगाव फोन करीत होते, त्या दिवसांत हे प्रश्न विचारण्याची पाळी यायला नको होती. यंत्र कोण तपासून घेणार, कोण चालवणार आणि बिघडले तर किती तासांत कोण येणार, हे खोके उघडण्यापूर्वी ठरलेले असायला हवे.

दारोदार फिरलेली यंत्रणा

महाराष्ट्रात महामारीच्या काळात सर्वांत दूरवर पोचलेली यंत्रणा कोणती, असे विचारले तर उत्तर आशा कार्यकर्ती असेच द्यावे लागेल. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली. पथके दारोदार गेली, घरातील प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजला, मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची विचारपूस केली आणि नोंदी केल्या. आज ज्याला दूरस्थ देखरेख म्हणतात, ती येथे एका पिशवीत मावणाऱ्या दोन उपकरणांवर आणि उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या एका बाईवर चालली. सून आजारी असल्याचे सासू लपवते आहे, एवढे तिला घराच्या अंगणातच कळत होते.

याच आशा कार्यकर्तींना जून २०२१मध्ये मानधनवाढीसाठी राज्यव्यापी संप करावा लागला. त्यांची संख्या सुमारे ७० हजार होती. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्तींचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. गौरव आणि मानधन यांतील हे अंतर कोणत्याही यंत्राला कापता येणारे नाही.

लातूरला हे सत्य नवे नाही. १९६६मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्यासारखे शहर सोडून लातुरात आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले. त्या वेळी दूरवैद्यक नव्हते, कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. दूर असलेला वैद्य रुग्णाजवळ राहायला आला, एवढाच तो मार्ग होता. २०१९मध्ये डॉ. कुकडे यांना पद्मभूषण मिळाले. प्रत्येक तालुक्याला असे वैद्य लाभतील ही अपेक्षा अवास्तव आहे, आणि म्हणूनच यंत्रांची गरज आहे. मात्र यंत्राने त्या वैद्याचे ज्ञान गावापर्यंत आणले, तरी ते हातात घेऊन रुग्णापर्यंत नेणारे कोणी तरी गावातच राहणारे हवे.

दानाची दोन खाती

व्यापारी घराण्यांना भांडवल आणि चालू खर्च यांतील भेद वेगळा सांगावा लागत नाही. दुकानाची इमारत उभी करण्यास एकदा पैसा लागतो. दिवाबत्ती, नोकरांचा पगार, काट्याची तपासणी, छपराची डागडुजी यांना दर महिन्यास लागतो. पहिला खर्च करून दुसरा न केल्यास पेढी वर्षभरातच बसते, हे मुनीमही सांगेल. दान देताना मात्र हे व्यावहारिक शहाणपण पुष्कळदा बाजूला राहते. यंत्र विकत घेऊन देणे सोपे असते. त्याचे लोकार्पण करता येते, त्यावर वडिलांचे नाव घालता येते. त्याच यंत्राची बॅटरी तिसऱ्या वर्षी बदलण्यासाठी देणगी मागितली, तर तितक्या उत्साहाने हात पुढे येत नाहीत. दुसऱ्या लाटेत अनेक संस्थांनी आणि कुटुंबांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले आणि त्यांनी प्राण वाचवले. आज त्यांतील किती यंत्रे सुरू स्थितीत आहेत, गाळण्या कधी बदलल्या, ती कोणाच्या ताब्यात आहेत, याची चौकशी प्रत्येक दात्याने आपल्या गावी अवश्य करावी.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने जैन घरांत लहानपणापासून ऐकली जातात. औषधदानाचा अर्थ गोळ्यांच्या पाकिटापुरता घेतला तर तो फारच लहान होतो. रुग्णाला औषध वेळेवर, योग्य आणि समजेल अशा रीतीने मिळावे यासाठी लागणारी सर्व व्यवस्था त्यात येते.

या समाजाला दीर्घ पल्ल्याच्या दानाचा अनुभवही आहे, आणि तो लातूरशी जोडलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातून मदतीचे ट्रक आले आणि काही महिन्यांत तो ओघ आटला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने त्या भागातील १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. ती जबाबदारी काही वर्षांची होती. दररोजचे जेवण, शाळा, आजारपण, सुट्ट्या या सगळ्यांचा चालू खर्च तीत होता. २०२०मध्ये याच संघटनेने ‘डॉक्टर आपल्या दारी’ या उपक्रमात फिरते दवाखाने वस्त्यांमध्ये नेले आणि जूनमध्ये मुंबई महानगरपालिकेसह ‘मिशन झिरो’त भाग घेतला. वाहन, डॉक्टर, औषध आणि इंधन हे सर्व एकत्र दिल्यामुळेच ते दवाखाने फिरते राहिले.

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात पुढील महामारीपूर्वी काय करता येईल, याची यादी फार लांब नाही. शासकीय रुग्णालय व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यासाठी रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या माध्यमातून प्रथम गरज विचारून घ्यावी. यंत्र द्यायचे असेल तर पाच गोष्टी लेखी ठरवाव्यात: ते कोण चालवणार, त्याला प्रशिक्षण कोण देणार, दुरुस्तीचा वार्षिक करार कोणाशी, वीज गेल्यास काय, आणि यंत्राने सांगितलेले निदान कोणता डॉक्टर पाहणार. यंत्राच्या किमतीबरोबरच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी ठेवावी. उपकेंद्रास बॅटरीसह इन्व्हर्टर, खात्रीचे इंटरनेट, चांगल्या प्रतीचे ऑक्सिमीटर आणि रक्तदाबमापक देणे हे रोबोट देण्यापेक्षा दिसायला किरकोळ. परंतु ई-संजीवनीचा डॉक्टर गावात येतो तो याच वस्तूंवरून. आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणाचा, छत्री-चपलांचा, मोबाइलच्या खर्चाचा भार उचलणे हेही औषधदानच आहे.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांना सहज पटेल. ग्राहकाची उधारी चारचौघांत उघड करायची नाही, ही पेढीची जुनी मर्यादा आहे. रुग्णाचा आजार हे त्याहून खासगी खाते होय. शिबिरे भरवताना मोफत तपासणीच्या बदल्यात लोकांची माहिती आणि छायाचित्रे कोणत्या कंपनीकडे जातात, तिचे पुढे काय होते आणि रुग्णाने त्यास समजून संमती दिली आहे का, हे आयोजकांनी विचारलेच पाहिजे. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीला कायद्याचे बळ दिले आहे. पण उंबऱ्याच्या आतले गुपित जपण्याची जाण त्या कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

घराघरांतही थोडी तयारी करता येते. वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी आणि जुने तपासणी-अहवाल एका धारिकेत ठेवावेत. ई-संजीवनीचा वापर घरातील एका तरुणाने शिकून घ्यावा आणि तो दुकानातील हमाल, गुमास्ते आणि शेजारच्या घरांनाही शिकवावा. ऑक्सिमीटर घरात असेल तर त्याची बॅटरी पाहावी आणि आकड्यासोबत माणसाचा श्वासही मोजायला शिकावे.

पुढची महामारी कोणत्या रोगाची असेल आणि केव्हा येईल, हे सांगता येत नाही. तोपर्यंत रोबोट अधिक चपळ झालेले असतील, संगणक एक्स-रे अधिक अचूक वाचू लागलेला असेल आणि दूरची शस्त्रक्रियाही कदाचित नित्याची झालेली असेल. ही सर्व प्रगती शहराकडून गावाकडे येणाऱ्या वाटेवर आहे. तिचे शेवटचे पाऊल उपकेंद्राच्या दारात पडते. ते दार उघडे असावे, आत दिवा लागलेला असावा आणि खुर्चीवर वेळेवर पगार मिळणारी, शिकलेली परिचारिका बसलेली असावी. यासाठी लागणारा पैसा फार मोठा नाही. तो दर महिन्यास लागतो, एवढेच.